'स्त्रीधनापुरती जबाबदार' म्हणजे काय? टाच आणि जप्ती एकच का?

प्रश्न :
मुंबई इलाख्यातल्या १८७०-८० च्या सुमाराच्या कर्जाच्या दाव्यांबद्दल वाचताना ऋणको (कर्जदार) बाई 'स्त्रीधनापुरती जबाबदार' असं येतं. स्त्रीधनावर, म्हणजे बाईच्या स्वतःच्या मालमत्तेवर, टाच येत नाही असंच आजवर ऐकलंय. मग सावकार वसूल कशातून करायचा? शिवाय टाच आणि जप्ती यांत फरक आहे का?

उत्तर :
'स्त्रीधनावर टाच येत नाही' हे अर्धंच वाक्य आहे. कुणाच्या कर्जापायी, ते त्यात नाही. नवऱ्याच्या कर्जापायी येत नाही, कारण ती मालमत्ता त्याची नाहीच. पण बाईने स्वतः कर्जखतावर निशाणी केली असेल तर खुशाल येते. मुंबई हायकोर्टाने १८७० च्या दशकात हेच धरलं : नवऱ्यासोबत मिळून कर्ज काढलं तरी हुकूमनाम्याची (कोर्टाच्या निकालाची) बजावणी तिच्या स्त्रीधनावर, जातीनिशी (व्यक्तिशः) तिच्यावर नाही. त्या काळच्या भाषेत, बजावणी 'जिंदगीवर'. (जिंदगी म्हणजे इथे मालमत्ता. आयुष्य नव्हे!)

हे काही इंग्रजांनी विलायतेहून आणलेलं नाही. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की स्त्रीने कबूल केलेलं, नवऱ्यासह काढलेलं किंवा स्वतः काढलेलं ऋण फेडावं, बाकीचं नाही. उलट बाजूने बायकोचं कर्ज नवऱ्याच्या अंगाला कधी लागतं? गवळी, कलाल, नट, परीट, पारधी यांच्या बायकांचं लागतं, कारण त्या घरांची उपजीविकाच बायकांवर चालते. मला हा श्लोक फार आवडतो. धर्मशास्त्रात इतका रोकडा हिशेब क्वचित सापडतो.

आता खरी मेख. त्याच स्मृतीत 'दुर्भिक्षे धर्मकार्ये च व्याधौ संप्रतिरोधके' नवऱ्याने घेतलेलं स्त्रीधन परत करणं त्याच्यावर बंधनकारक नाही. दुष्काळ, धर्मकृत्य, आजारपण हे कळतं. 'संप्रतिरोधक' मात्र अडवतो. या स्मृतीवरच्या 'मिताक्षरा' टीकेचा कर्ता विज्ञानेश्वर त्याचा अर्थ बंदिवास वगैरे असा लावतो, म्हणजे कर्जापायी तुरुंगात बसलेला नवराही त्यात बसवता येईल. सावकारांना ही फट सोयीची होती : नवऱ्याला घेता येतं, तर त्याच्या वतीने आम्हालाही घेऊ द्या. न्यायालयांनी ते मानलं नाही. हा हक्क नवऱ्याचा व्यक्तिगत. त्याने वापरला नाही तर धनकोला (कर्ज देणाऱ्याला) तो वापरता येत नाही.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात त्या काळी बेलीफ (कोर्टाचा जप्ती करणारा शिपाई) दारात उभा, हुकूमनामा नवऱ्यावर, आणि पाटल्या, गोठ, ठुशी त्याच घरातल्या एका पेटीत. कोणता डाग (दागिना) माहेरचा आणि कोणता नवऱ्याच्या पैशाचा, हे पेटी सांगत नाही. बाईने हरकतीचा अर्ज द्यायचा, कोर्ट मुख्यतः ताबा कुणाचा एवढंच बघणार, अर्ज फेटाळला गेला तर वर्षाच्या आत वेगळा दावा लावायचा. सावकाराचीही बाजू होतीच : बुडीत निघालेले लोक जमीन बायकोच्या नावावर चढवत, म्हणून 'हे माझं स्त्रीधन' म्हणणाऱ्या बाईकडे आधी बेनामीच्याच संशयाने पाहिलं जाई.

टाच आणि जप्ती : बोलताना सरमिसळ होते, बातम्यांत तर सर्रास. टाच आली की माल विकायला, गहाण टाकायला, कुणाला द्यायला मनाई. जप्ती म्हणजे वस्तू प्रत्यक्ष ताब्यात घेणं. जमिनीला मनाईहुकूम पुरतो. भांडी-दागिने बेलीफ उचलून नेतो.

शंका :
मंगळसूत्र तरी सुटत असेल ना?

उत्तर :
सुटतं, पण वेगळ्या दारातून. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० : नेसूची वस्त्रं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्तीतून वगळलेले. हे तिच्या स्वतःच्या कर्जालाही लागू. स्त्रीधन नवऱ्याच्या कर्जातून वाचतं ते मालकीमुळे. मंगळसूत्र वाचतं ते रूढीमुळे. त्यामुळे 'स्त्रीधन म्हणजे सौभाग्यालंकार' हे समीकरण सोडून द्या. माहेरून आंदण मिळालेलं शेतही स्त्रीधनच.

पुरवणी :
'जातीनिशी नाही' यावर थोडं. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बायकांना अटक करायची नाही, अशी दुरुस्ती १८८८ मध्ये झाली. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला त्याच वर्षी जुलैमध्ये नवरा दादाजींना २,००० रुपये देऊन मिटला. तो हुकूमनामा मात्र पैशाचा नव्हता, नांदायला जाण्याचा होता. मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं होतं, महिन्याभरात जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. पैसे थकवणारी बाई १८८८ पासून तुरुंगातून सुटली. नांदायला न जाणारीच्या डोक्यावरची टांगती तलवार १९२३ मध्ये उतरली.

आणि हो, इथे कुणीतरी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याचा दाखला देणारच, म्हणून आधीच सांगतो : तो हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन बायकांना लागूच नव्हता. त्यातलं फक्त विम्याचं कलम ६ पुढे १९२३ च्या दुरुस्तीने सर्वांना लागू झालं. नवऱ्याने बायको-मुलांच्या नावे स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवला की ती रक्कम त्यांच्यासाठीचा न्यास (ट्रस्ट) ठरते आणि त्याच्या धनकोंच्या हाती लागत नाही. विमा एजंट ज्याला 'एमडब्ल्यूपी (मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी) पॉलिसी' म्हणतात ती हीच.