सगळे संकल्प १ जानेवारीलाच कशाला?

वैयक्तिक, आर्थिक आणि सर्जनशील अशी तिन्ही उद्दिष्टे १ जानेवारीलाच लिहून काढावीत, असे सुचवले जाते; ही सूचना मला अर्धीच पटते.

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या बचत खात्यात, व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजतात. त्यामुळे ज्यांच्याजवळ एकरकमी पैसे आहेत, त्यांनी वार्षिक दीड लाखाच्या मर्यादेतील रक्कम मार्चच्या घाईत भरण्याऐवजी ५ एप्रिलपर्यंत भरली, तर जवळपास वर्षभराचे व्याज पदरात पडते. ज्यांची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हाती येते आणि तशीच संपते, त्यांना हा सल्ला अर्थातच कुचकामी आहे. त्यांच्यासाठी पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव बरी, कारण ती महिना १०० रुपयांपासून उघडता येते.

लेखनाचे गणित निराळे आहे. दिवाळी अंकांचे संपादक साहित्य बहुधा पावसाळ्यातच मागवतात, म्हणून ‘यंदा कथा लिहीन’ असे मोघम ठरवण्यापेक्षा, गड्ड्याची, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी ओसरली की लिहायला बसावे आणि पहिला खर्डा उन्हाळ्यात संपवावा. नाहीतरी आपल्या सोलापुरात त्या दिवसांत दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसतेच.

व्यायामाच्या संकल्पालाही हाच उन्हाळा आडवा येतो. जानेवारीत सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी आठला फिरणे सुखाचे असते, पण एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडू लागला की तीच वेळ साडेपाचवर आणावी लागते, हे आधीच वहीत नोंदवून ठेवावे.