तक्त्यात नुसतं 'गाठी' लिहून भागेल का?

पऱ्हाटी
गेला आठवडा कापसाच्या उत्पादनाचे तक्ते एकत्र करण्यात गेला. आपली गाठ १७० किलोची. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यातली ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलोची. रकान्याचं नाव दोन्हीकडे एकच: गाठी. आपल्या ३०० लाख गाठी तिकडे २३४ लाख होतात. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, तेवढीच, पण ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटेल की ६६ लाख गाठी कुणीतरी गिळल्या.

माझं मत असं की सार्वजनिक आकडेवारीत एकक नुसतं शब्दात लिहिणं थांबवावं. प्रत्येक एककाला इंटरनेटवर एक कायमचा पत्ता असावा, तिथे त्याची व्याख्या आणि किलोतलं रूपांतर असावं, आणि तक्त्यातून तिकडे दुवा जावा. यात नवं काही नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये मान्य केलेल्या आरडीएफ डेटा क्यूबमध्ये, म्हणजे आकडेवारी वेबवर मांडायच्या पद्धतीत, एकक आकड्याला गुणधर्म म्हणून जोडता येतं. एसडीएमएक्स या आकडेवारी देवाणघेवाणीच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये तर 'लाख गाठी' या शब्दांचीही फोड होते: गाठ हे एकक वेगळं, लाख हा दहाचा पाचवा घात वेगळा. किलो आणि हेक्टरचे पत्ते क्यूयूडीटीसारख्या एककांच्या ऑनलाइन कोशात तयार आहेत. १७० किलोची गाठ, खंडी, गुंठा, ब्रास यांचं काम आपल्यालाच हाती घ्यावं लागेल.

नोंदवही
साफ विरोध. मी चौदा वर्षं तालुक्याच्या ठिकाणी आकडे भरले आहेत. यादीतून एकक निवडायला सांगितलं की जो पर्याय वर असतो तोच राहतो, कारण संध्याकाळपर्यंत दोनशे नोंदी संपवायच्या असतात. रकाना रिकामा दिसला तर वरचा माणूस निदान फोन करून विचारतो. चुकीचं एकक दुव्यासकट आलं की कुणी विचारतही नाही, ते खरंच धरलं जातं. तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहा, 'गाठ = १७० किलो', आणि अख्ख्या तक्त्यात तेच एकक ठेवा. एवढं पुरतं.

पऱ्हाटी
डोक्यावरची ओळच सगळ्यात आधी गळते. चार जिल्ह्यांचे तक्ते एकाखाली एक चिकटवले की खाली आकडे उरतात आणि ती ओळ मागच्या फाइलमध्ये राहते. माझा आठवडा त्यातच गेला.

भीमाकाठ
तुम्ही दोघं एककावर अडलात. चूक त्याच्या आधीच होते, असं मला वाटतं.

आमच्या उजनी धरणाचं घ्या. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३.६६ मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी, उपयुक्त ५३.५७. टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्यावर. म्हणून 'उजनी शून्यावर' अशी बातमी येते त्या दिवशी धरणात ६३ टीएमसीहून जास्त पाणी असतं, आणि 'उणे ३० टक्के' झालं तरी ४७ टीएमसी शिल्लक असतं. आता कोयनेचे टक्के कुणी १०५.२५ टीएमसी या एकूण क्षमतेवर काढले आणि उजनीशेजारी ठेवले, तर दोन्हीकडे एकक एकच, टक्का. तुमचा दुवाही अगदी बरोबर जुळेल, आणि तुलना मात्र खोटी ठरेल. टीएमसीचे दलघमी (दशलक्ष घनमीटर) करायला २८.३२ ने गुणलं की काम झालं, त्यात कुणी फसत नाही. फसवतो तो 'कशाचे टक्के' हा न विचारलेला प्रश्न.

कापसातही तेच. शेतकरी 'एकरी दहा क्विंटल' म्हणतो तो सरकीसकट कापूस. सरकारी उत्पादकता म्हणजे हेक्टरी किलो रुई. एकक काटेकोर बदललंत तर हेक्टरी २४७१ किलो येतील. रुईचा उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, एक तृतीयांश धरला तर खरा आकडा सव्वाआठशेच्या आसपास.

नोंदवही
हे मात्र पटलं. मग दुव्यांचा खटाटोप कशाला, तेच कळत नाही.

पऱ्हाटी
भीमाकाठ, तुमचा मुद्दा माझ्या मूळ लेखनात राहून गेला होता, मान्य. पण त्यातून दुवे नकोत हे निघत नाही, उलट आणखी एक दुवा हवा हे निघतं. डेटा क्यूबमध्ये काय मोजलं आणि कशात मोजलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'रुई' आणि 'सरकीसकट कापूस' यांना स्वतंत्र व्याख्या द्या. 'उपयुक्त साठ्याची टक्केवारी' आणि 'एकूण साठ्याची टक्केवारी' यांनाही.

आणि नोंदवही, हे भरणाऱ्याच्या माथी मारायचंच नाही. एकक संपूर्ण तक्त्याला एकदाच जोडायची सोय त्यात आहे. फॉर्म बनवणाऱ्याने ते एकदा ठरवावं. तुमची डोक्यावरची ओळच आहे ती, फक्त गळून न पडणारी.

नोंदवही
फॉर्म बनवणारा शेतावर आलेला नसतो, हाच माझा अनुभव. एक अट घालतो. लोकांनी ज्या मापात सांगितलं ते मूळ माप पुसू नका. हेक्टरचा रकाना दोन दशांश स्थळांचा असला की एक गुंठा ०.०१ होतो. असे चाळीस सुटे गुंठे भरा, बेरीज ०.४० येते, आणि एकर तर ०.४०४७ हेक्टरचा. जवळपास अर्धा गुंठा गेला. सुट्या तुकड्यांच्या गावात हे फार होतं. 'गुंठे' असा रकाना जपला असता तर हिशेब परत तपासता आला असता.

पऱ्हाटी
अट मान्य. सांगितलेलं माप आणि रूपांतरित माप, दोन्ही ठेवायचे. गाठीची व्याख्या मी आजच लिहायला घेतो. खंडीला मात्र मदत हवी: कापसाच्या बाजारात ती ३५६ किलोची, धान्यात वीस मणांची. तुमच्या गावात मण किती शेरांचा किंवा किलोंचा धरतात, ते तालुक्याच्या नावासह इथेच लिहा.