हात चालतात म्हणून मन थांबतं का?

सेलूची लेक : काल इथं एकानं लिहिलं, 'हल्लीच्या कथांतल्या बाया फार विचार करतात. आमच्याकडच्या बाईला झुरत बसायला वेळ कुठाय? हे सगळं शहरी लेखिकांचं खूळ.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. माझी आई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायची. वेचता वेचता एकटीच बोलायची. मेलेल्या सासूशी भांडायची, भावाला जाब विचारायची. ओटी भरली की गप्प. गाठोड्यात रिकामी करून आली की जिथं तोडलं तिथूनच पुढं सुरू. रा. रं. बोराडे सरांची 'पाचोळा' १९७१ ची, आपल्याच मराठवाड्याच्या मातीतली. अख्खी कादंबरी शिंप्याची बायको सांगते. ती काय शहरी होती?

लातूरकर : ते मीच लिहिलं, ताई. मन नसतं असं म्हणलो नाही. 'तिच्या अंतर्मनात पोकळी दाटून आली' हे कोणत्या बाईच्या मनात येतं? बोलताना 'काय करलालीस' आणि विचार करताना पुस्तकी मराठी! याची चीड आहे.

परभणीकर : 'करलालीस' तुमच्याकडं. आम्ही 'करायलीस' म्हणतो. सगळ्या मराठवाड्याच्या तोंडी एकच बोली कोंबतात, आधी ते थांबवा. माझ्या कथेतलं 'करायलीस' एका दिवाळी अंकानं न विचारता 'करतेस' केलं. बाई माझी राहिलीच नाही.

लातूरकर : मग आमच्या आज्या काय चुकीचं बोलल्या का?

परभणीकर : चुकीचं कोण म्हणलं? उगं अंगावर येऊ नका.

केजची वाचक : बसा भांडत. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ ला गाजलं. त्यावरच्या ज्या कथा मी वाचल्या, त्यांत आगाऊ घेतलेली उचल आहे, मजूर नेणारा मुकादम आहे, खाड्याचा, म्हणजे कामावर न गेल्याचा, दंड आहे. रात्री कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडलेल्या बाईला काय वाटतं, ते कुठंच नाही. माझी मावशी पिशवी काढून घरी आली त्या दिवशी तिनं पेटीतली लेकरांची झबली काढली, एकेक झटकली, परत घडी घालून ठेवली. तीन लेकरं होती, चौथं नकोच होतं. तरी काढली.

सेलूची लेक : हेच लिहिलेलं वाचायचंय मला. दादा, आता सांगा, तिला वेळ नव्हता?

लातूरकर : झबल्यांपुढं काय बोलणार. 'वेळ कुठाय' तेवढं मागं घेतो. पण 'पाचोळा'तली बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत गावचंच बोलते, हे तुम्हीही कबूल करा. भाषेचं मी सोडणार नाही.

परभणीकर : त्यात मी तुमच्यासोबत आहे. 'करायलीस' धरून.