टेरोडॅक्टिल म्हणजे ‘उडता डायनासोर’ नव्हे!

खडकफोड्या
काल आपल्या या चर्चेच्या पानावर एका खेळण्याचा फोटो आला, खाली ओळ : ‘टेरोडॅक्टिल, उडता डायनासोर’. तीन शब्दांत दोन चुका. डोक्यामागे एवढा लांब तुरा म्हणजे तो टेरॅनोडॉन. त्यात चोचीत दात बसवलेत! अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ मार्शने १८७६ मध्ये दिलेल्या त्या नावाचा अर्थच ‘पंख आहेत, दात नाहीत’ असा आहे. खरा टेरोडॅक्टिलस जर्मनीतल्या बव्हेरियाच्या चुनखडीतला, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, पंख पसरून जेमतेम मीटरभर, आणि त्याला दात होते. टेरॅनोडॉन अमेरिकेतल्या कॅन्ससचा, सहा कोटींहून जास्त वर्षांनंतरचा, मोठे नर सहा मीटरच्या वर. आणि डायनासोर तर दोघेही नव्हेत. दोघेही टेरोसॉर, म्हणजे उडणारे सरीसृप; हे डायनासोरांचं चुलत घराणं. उडता डायनासोर बघायचाय? खिडकीतला कावळा बघा.

बोलीभाषक
कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, कोणाचं काही अडलं नाही. शिवाय आखूड शेपटीच्या टेरोसॉरांच्या एका मोठ्या गटाचं शास्त्रीय नावच टेरोडॅक्टिलॉइडिया आहे आणि टेरॅनोडॉन त्यातच येतो. मग चूक कसली?

खडकफोड्या
गटाचं नाव वेगळं, प्राण्याचं वेगळं. लोक तर ऱ्हॅम्फोऱ्हिंकस या आणखी एका टेरोसॉरलाही टेरोडॅक्टिल म्हणतात. त्याची शेपूट लांब, टोकाला पानासारखा पडदा. तो तुमच्या गटातही बसत नाही. आधी शेपूट बघा, मग दात, मग तुरा, आणि मग नाव घ्या.

शब्दवेध
मूळ नावातला ‘प’ कुठे गेला ते आधी सांगा. ग्रीक ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख, ‘डाक्टिलॉस’ म्हणजे बोट. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने १८०९ मध्ये फ्रेंचमध्ये नाव दिलं, आणि फ्रेंच लोक ‘प’ आजही उच्चारतात. गिळला तो इंग्रजांनी. आपण इंग्रजांची जीभ का उसनी घ्यायची? ‘प्टेरॉन’ आणि संस्कृत ‘पत्र’ एकाच धातूचे, पत् म्हणजे उडणे. पतत्री म्हणजे पक्षी. ‘प’ काढला की हे नातंच तुटतं.

बोलीभाषक
न्यूमोनियातला ‘प’ कोण लिहितं? सायकॉलॉजीतला? मराठी शब्द ‘प्ट’ने सुरू होत नाही. मुलं ‘पटेरो’ म्हणतील.

शब्दवेध
हेलिकॉप्टर म्हणता ना? तो ‘हेलि-कॉप्टर’ नाही, ‘हेलिको-प्टर’ आहे, मळसूत्री पंख. तोच ‘प्टेरॉन’, आणि खेड्यातलं पोरही नीट म्हणतं.

बोलीभाषक
कारण तिथे ‘प’ला टेकायला आधी ‘कॉ’ आहे! सुरुवातीला टेकणार कुठे? व्युत्पत्ती कोशात ठेवा, तोंडात कोंबू नका.

शब्दवेध
बोलताना सोडा, चला. लिहिताना सोडू नका. याहून मी मागे हटणार नाही.

रानवारा
‘प’वरून भांडताय, आणि नावातल्या ‘बोटा’चं कोणालाच पडलेलं नाही! पंख तोलणारं ते बोट म्हणजे करंगळी ना?

खडकफोड्या
करंगळी नाहीच, ती नाहीशी झालेली. पंख तोलतं ते चौथं बोट, आपली अनामिका. तिची चार लांब पेरं, टोकाला नखी नाही. आधीची तीन बोटं आखूड, नखीवाली, पंखाबाहेर मोकळी. चौथ्या बोटापासून अंगापर्यंत कातडीचा पडदा. वटवाघळाचा पडदा चार बोटांवर ताणलेला असतो, इथे सगळा भार एकाच बोटावर. १७८४ मध्ये इटालियन निसर्गअभ्यासक कोलिनीने पहिला जीवाश्म वर्णिला, तेव्हा त्याला तो समुद्री प्राणी वाटला. हे बोट पंखाचं आहे हे कळणं हाच खरा शोध, म्हणून नावात बोट आलं.

रानवारा
मग मराठीत सरळ ‘उडता सरडा’ म्हणा.

खडकफोड्या
अजिबात नको! उडता सरडा आजही गोव्यापासून खाली पोफळीच्या बागांत आहे, ड्रॅको. त्याचा पडदा बरगड्यांवर ताणलेला असतो, बोटांवर नाही, आणि तो फक्त तरंगत उतरतो. टेरोसॉर पंख मारून उडत. ‘पंखबोट्या’ म्हणा हवं तर.

बोलीभाषक
‘पंखबोट्या’ चालेल. त्यात ‘प’ही आहे, शब्दवेध यांचं समाधान व्हावं. पण डायनासोर नाही हे मान्य, तेवढंच.