दूधबिलाच्या दिवशी डेटाबेस रेंगाळतो: ॲपच्या गरजेनुसार स्टोरेज आपोआप कसं द्यावं?

वारणाकाठ विचारतात:

आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर चालतं. दोन्ही वेळचं दूध आलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आणि दर यांची नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पडते. दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला मागच्या दहा दिवसांची बिलं निघतात आणि अडचण नेमकी तेव्हाच येते. पहिला अर्धा तास सगळं सुरळीत चालतं. मग क्वेऱ्या रेंगाळतात आणि केंद्रावरच्या चालू नोंदीही अडकतात. कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला 'सर्व्हर स्लो आहे' असं सांगणं मला अजिबात पटत नाही.

रचना अशी आहे: एडब्ल्यूएसचा (ॲमेझॉनच्या क्लाउडचा) मुंबई रीजन, ॲप चालवायला कुबरनेटीस, डेटाबेससाठी एम५ लार्ज नोड (म्हणजे सर्व्हर) आणि त्याला २०० जीबीचा जीपी२ प्रकारचा व्हॉल्यूम, म्हणजे क्लाउडमधली डिस्क. सीपीयू निवांत असतो, मेमरी शिल्लक असते, पण डिस्कचं काम मोजणाऱ्या आयोस्टॅटमध्ये अवेट, म्हणजे डिस्कसाठी थांबण्याचा वेळ, चढलेला दिसतो. नवा दूध संघ जोडला गेला की किती जीबी द्यायचे हे कोणीतरी अंदाजाने ठरवतं. मला हे माणसाच्या हातातून काढायचंय. लेटन्सी (डिस्कच्या उत्तराला लागणारा वेळ) वाढली की आयऑप्स (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं) आपोआप वाढावेत, असं कोणी केलंय का?

---

फलटणचा_डीबीए:

तुमचा 'पहिला अर्धा तास' हाच धागा धरा. जीपी२ मध्ये वेग आकारावर ठरतो, दर जीबीमागे ३ आयऑप्स. म्हणजे २०० जीबीला कायमचे ६००. त्यावर ३००० पर्यंत उसळी मिळते, पण ती ५४ लाख क्रेडिटच्या टाकीतून. बिलं पूर्ण वेगाने चालली की टाकीतून सेकंदाला ३००० जातात आणि ६०० भरतात. ५४ लाख भागिले २४००, म्हणजे २२५० सेकंद, साडेसदतीस मिनिटं. त्यानंतर तुम्ही ६०० वर. हा बिघाड नाही, त्या डिस्कचं ठरलेलं वागणं आहे. एडब्ल्यूएसच्या क्लाउडवॉच या देखरेख सेवेत बर्स्ट बॅलन्सचा, म्हणजे टाकीत उरलेल्या क्रेडिटचा आलेख ११ तारखेला शून्याकडे उतरताना दिसेल. तो आधी बघा.

पहिलं काम: जीपी३ या पुढच्या प्रकारच्या डिस्कवर जा. ही बदली चालू डेटाबेसवर होते, डिस्क काढावी लागत नाही. तिथे आकार कितीही असो, ३००० आयऑप्स आणि सेकंदाला १२५ एमबी मूळ दरातच असतात. त्याहून जास्त लागलं तर वेगळे मागायचे. आकार आणि वेग यांची फारकत झाल्याशिवाय ऑटोमेशनला काही अर्थ नाही, कारण तोवर वेगासाठी रिकामे जीबी विकत घ्यावे लागतात. आणि ईबीएसचा (एडब्ल्यूएसच्या या डिस्कचा) आकार वाढवता येतो, कमी करता येत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. लेटन्सी वाढल्यावर आयऑप्स वाढवणारी यंत्रणा मी या कामासाठी मुळीच बांधणार नाही. व्हॉल्यूममधला बदल पूर्ण लागू व्हायला वेळ लागतो, मोठ्या व्हॉल्यूमला काही तास. शिवाय दिवसातून हवे तितक्या वेळा बदल करता येत नाही. अलार्म वाजेल, बदल सुरू होईल, तोवर तुमची बिलं रडतखडत संपलेलीही असतील. पण तुमचा भार तर कॅलेंडरवर छापलेला आहे! आदल्या रात्री वाढवा, काम झालं की दुसऱ्या दिवशी उतरवा.

कुबरनेटीसमध्ये यासाठी व्हॉल्यूमॲट्रिब्यूट्सक्लास (डिस्कच्या वेगाचे आकडे लिहिलेला साचा) आहे, आवृत्ती १.३४ पासून स्थिर. नेहमीचा साचा, म्हणजे स्टोरेजक्लास, फक्त व्हॉल्यूम तयार होताना लागू होतो. त्याचे पॅरामीटर नंतर बदलता येत नाहीत, आणि नवा क्लास केला तरी जुन्या व्हॉल्यूमला फरक पडत नाही. व्हॉल्यूमॲट्रिब्यूट्सक्लासचं तसं नाही. पीव्हीसीवर (ॲपने केलेल्या डिस्कच्या मागणीवर) त्याचं नाव बदललं की डिस्कचा ड्रायव्हर चालू व्हॉल्यूमचे आयऑप्स बदलतो. 'रोजचं-संकलन' आणि 'बिल-दिवस' असे दोनच क्लास करा. नवा संघ जोडणाऱ्याने फक्त कामाचं स्वरूप निवडायचं, आकडे तुमच्या क्लासमध्ये.

---

ओप्स_ठाणे:

वरच्याशी सहमत, पण नोडची मर्यादा राहिली. एम५ लार्जला ईबीएससाठी कायमचे ३६०० आयऑप्स आणि सेकंदाला ६५० मेगाबिट आहेत. १८,७५० पर्यंतचा वेग मिळतो, पण खात्री २४ तासांत अर्ध्या तासाची. डिस्कला ८००० दिले तरी अर्ध्या तासानंतर तुम्ही ३६०० वर, म्हणजे तेच दुखणं एक पायरी वर सरकलं. ६५० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ८१ एमबी, जीपी३ च्या १२५ पेक्षाही कमी. वाटपाचा हिशोब डिस्क आणि नोड दोन्ही धरूनच व्हायला हवा.

आम्ही स्वतःच्या डेटासेंटरमध्ये व्हीएमवेअर चालवतो. तिथल्या स्टोरेज डीआरएसमध्ये (भार पाहून व्हीएमच्या डिस्क दुसऱ्या स्टोरेजवर हलवणारी सोय) मूळ सेटिंग १५ मिलिसेकंद लेटन्सी आणि ८० टक्के जागा असं असतं, आणि आयओचा असमतोल तो दर ८ तासांनी तपासतो. अचानक आलेल्या भारावर तो इलाज नाहीच. डेटाबेसच्या डिस्कसाठी आम्ही तो फक्त सल्ला देण्यापुरता ठेवलाय, हलवायचं माणूस ठरवतो.

---

वारणाकाठ:

बर्स्ट बॅलन्स पाहिला. अगदी तसंच, ११ आणि २१ दोन्ही दिवशी सरळ खाली. काल जीपी३ वर गेलो. नोडचं मात्र आमच्या डोक्यातच नव्हतं. आधी मोठा नोड घ्यावा की बिलाच्या क्वेऱ्या रीड रेप्लिकावर (डेटाबेसच्या फक्त वाचायच्या प्रतीवर) न्याव्यात? आणि महिन्याचा शेवटचा दिवस ३० की ३१ की २८, हे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या यंत्रणेत) कसं बसवता?

---

फलटणचा_डीबीए:

रेप्लिका आधी. बिलाचं काम बहुतेक वाचनाचं आहे. ते वेगळ्या नोडवर, वेगळ्या डिस्कवर गेलं की केंद्रावरची नोंद त्याच्या तडाख्यातून सुटते, आणि माझ्या लेखी तीच नोंद सगळ्यात महत्त्वाची. बिलाला वीस मिनिटं जास्त लागली तरी चालतील, दूध घालणाऱ्याला ताटकळत ठेवू नका. मग 'बिल-दिवस' क्लास फक्त रेप्लिकाच्या पीव्हीसीला लावा. मुख्य डेटाबेसला ३००० पुरतात का ते पुढच्या बिलाला मोजून ठरवा.

शेवटच्या दिवसाच्या भानगडीत पडूच नका. क्रॉनजॉब १, ११ आणि २१ तारखेला पहाटे १ वाजता लावा. सकाळचं संकलन आटोपून बिलं सुरू होईपर्यंत बदल लागू झालेला असेल. फक्त क्रॉनजॉबमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता असा स्पष्ट लिहा. क्लस्टर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल आणि हे राहिलं, तर तो पहाटेचा १ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा, ऐन संकलनाची वेळ.