कृष्णेच्या दरडीतले तिरपे थर: जुना प्रवाह कुठल्या दिशेचा?

संगमकाठ: कराडच्या खाली कृष्णेच्या उजव्या काठाला आठेक मीटरची दरड उघडी पडलीय. तळाला गोटे, त्यावर तिरप्या थरांची वाळू, वर चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती. वाळूचे थर उत्तरेकडे कललेत, नदी मात्र तिथे पूर्वेला वाहते. मग पूर्वी ती उत्तरेला वाहायची का? मोजायचं कसं?

गाळवही: एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. सपाट दरडीत दिसतो तो आभासी कल. खरा कल बहुधा जास्त आणि वेगळ्या दिशेला असतो. खुरप्याने काटकोनात दुसरी बाजू कापा, थराचा पृष्ठभाग तळहाताएवढा मोकळा करा, त्यावर पुठ्ठा टेकवा आणि पुठ्ठ्याचा कल मोजा.

मग थर कसले ते ठरवा, खरी मेख इथेच आहे. वीतभर जाडीच्या थरातल्या 25-30 अंशांच्या तिरप्या पट्ट्या प्रवाहाच्या दिशेने कलतात. पण दहाएक अंशांचे, मीटर-दोन मीटर उंचीचे लांबलचक थर म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाला वाढत गेलेली वाळू. ते पात्राकडे, म्हणजे प्रवाहाला आडवे कलतात. तुमचे थर असे निघाले तर नदी तेव्हाही पूर्वेलाच वाहत असणार.

वारणाथडी: होकायंत्र जपून वापरा. आपल्या काळ्या पाषाणात (बेसाल्टमध्ये) मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, गोट्यांजवळ सुई भरकटते. वाळूतल्या काळ्या रेघांवर चुंबक फिरवून बघा, कण चिकटतील. पुठ्ठ्याच्या रेषेत दोन-तीन मीटर मागे सरून दिशा घ्या, खुरपं लांब ठेवा. आगाशिवच्या डोंगराची दिशा नकाशावरून काढून यंत्राशी ताडून पाहा.

एका थरात निदान 25 नोंदी हव्यात. सरळ सरासरी काढू नका: 350 आणि 10 अंशांची सरासरी 180 येते, म्हणजे उत्तरेचं थेट दक्षिण! प्रत्येक दिशेच्या साइनची आणि कोसाइनची वेगवेगळी सरासरी घ्या आणि त्या दोन्हींवरून दिशा काढा. तळाचे चपटे गोटेही मोजा. ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला कललेले असतात. गोल गोटे सोडून द्या.

संगमकाठ: वय कळेल का?

गाळवही: वाळूच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं ते काढणाऱ्या प्रकाशाधारित पद्धतीत सहसा क्वार्ट्झचे (गारेचे) कण वापरतात आणि कृष्णेचं वरचं खोरं सगळं बेसाल्टचं, त्यामुळे ते फार कमी मिळतात. फेल्डस्पार हे दुसरं खनिज चालतं, पण ज्वालामुखी फेल्डस्पारमध्ये साठलेला, वय मोजायचा संकेत काळानुसार गळतो आणि वय कमी दिसतं. चुनखडीच्या खड्यांचं कार्बन वयही फसवं, चुना पाण्यात विरघळून पुन्हा साचतो. कोळशाचा तुकडा थरात रुतलेला सापडला तर सोनं समजा. हात न लावता फॉइलमध्ये गुंडाळा, थराची उंची लिहा.

आणि पक्का वालुकाश्म बघायचा तर बदामी गाठा. लेण्यांच्या कड्यांत हेच तिरपे थर दगड झालेले दिसतात.