माणदेशात पाणी आलं, मग लांडगे वाढणार का जाणार?

रंकाळाकर:
मंडळी एक शंका आहे, हसू नका. मागच्या रविवारी मेव्हण्याकडं आटपाडीला गेलतो, संध्याकाळी माळावर पाय मोकळे करायला गेलो तर समोर एक जनावर उभं, मला वाटलं कुत्रं, मेव्हणा म्हणतो दाजी लांडगा हाय, गप उभं ऱ्हावा. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि निवांत ओढ्यात उतरून गेला. आता आपण कोल्हापूरवाले, आपल्याला जंगल म्हणजे राधानगरी-दाजीपूर, गवे, झाडी. आपल्या गगनबावड्यात ५००० मिमीच्या वर पाऊस आणि तिकडं ५०० पण धड पडत नाही, माणगंगा उन्हाळ्यात नुसती वाळू. असल्या रखरखाटात तो खातो काय, पितो काय? आणि आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, डाळिंब ऊस सगळं दिसतंय, म्हणजे प्राणी पण वाढणार ना? मेव्हणा म्हणतो उलटं हाय.

गवत्या:
मेव्हणा बरोबर आहे. लांडगा, खोकड म्हणजे छोटा कोल्हा, चिंकारा हरण, धाविक-चंडोलासारखी पाखरं, ही सगळी उघड्या माळाची मंडळी. चिंकारा तर पाल्यातल्या ओलाव्यावर कितीतरी दिवस काढतो. माळढोक पक्षी जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच, त्याला लांबवर दिसणारं गवत लागतं, झाडी नको असते. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, कागदावर ८४९६ चौ.किमी होतं, पुढं कमी करून १२२२ वर आणलं, आणि पक्षी बघायला गेलात तर नशीब लागतं. आपल्याकडं कुसळी-पवन्या गवताच्या माळाला सरकारी भाषेत पडीक जमीन म्हणतात, सगळा घोळ तिथनं सुरू होतो. पडीक म्हटलं की जेसीबी, चर, ग्लिरिसिडियाची झाडं. हिरवं दिसतं, फोटो भारी येतो, गवत मात्र मेलेलं असतं.
आणि ओढ्यात उतरला म्हणालास ना, लांडग्याची बिळं बऱ्याचदा असल्याच घळीत, ओढ्याच्या काठाला असतात. नदी कोरडी असली तरी तिचं काम चालूच असतंय.

माणदेशी_गडी:
राव तुमचं पंचगंगेच्या काठावर बसून बरं चालतंय. आमच्या आजीनं हंडे वाहिले, आम्ही टँकरमागं पळालोय, जनावरं चारा छावणीत नेऊन बांधलीत. कृष्णेचं पाणी टेंभूपासनं टप्प्याटप्प्यानं उचलत उचलत आलं तवा गावात लोकं रडली होती. आता म्हणायचं लांडग्यासाठी डाळिंब लावू नका? पाणी पायजेच. पण एक खरं, ऊस लागला की बिबट्या येतो आणि खोकड दिसायचं बंद होतं, हे आमच्या डोळ्यादेखत झालंय.

जुना_पेठकर:
विषयाला थोडं सोडून. आपल्या संस्थानात शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते, इथले संपत आल्यावर आफ्रिकेतनं आणले, काळवीट मारायला सोडायचे. सांभाळणारे ते चित्तेवान. चित्त्याला पळायला मैदान लागतं, म्हणजे बघा, या पूर्वेच्या अंगाला काळविटांचे किती कळप असतील. नव्या राजवाड्याच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेली जनावरं बघायला सगळे जातात पण ती राहायची कुठं हे कोण विचारत नाही. चालू द्या.

मेंढका:
आमी पट्टणकोडोलीकडचे. पावसाळ्यात हिकडं चिखल, मेंढरांच्या खुरांला रोग, म्हणून कळप घिऊन पूर्वेला कोरड्या माळावर जातो, पाऊस सरला की परत हिकडं शेतात खतासाठी बसवायला. लांडगा कोकरू नेतो, न्हाई म्हणत न्हाई, दरसाल एकदोन जातातच, शिव्या घालतो आणि गप बसतो. आमचा आज्जा म्हणायचा त्याचा बी वाटा हाय. पण आता माळावर तारेचं कुंपण, झाडं लावलीत म्हणून चराईबंदी, आमी पण भाईर आणि लांडगा पण भाईर. मग दोघं बी शेतकऱ्याच्या रानाकडं वळतो आणि भांडणं लागत्यात.

रंकाळाकर:
मेंढका दादा हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता मेव्हण्याला फोन लावला, म्हणला तो माळ गायरान आहे आणि पुढच्या महिन्यात तिथं वृक्षारोपण, खड्डे पण मारून झालेत, गावातली पोरं स्वतः राबलीत ओ. त्यांना जाऊन झाडं लावू नका म्हणायचं म्हणजे मार खायची कामं. काय सांगू?

गवत्या:
लावू नका म्हणूच नको. ओढ्याच्या दोन्ही काठाला, शाळेजवळ, गावठाणाच्या कडेला घ्या म्हणावं, कडुनिंब करंज तिथं जगतंय पण. माळाचा मधला भाग फक्त सोडा. मारलेले खड्डे बुजवायला लागतील, एका दिवसाचं काम.

माणदेशी_गडी:
कुठलं गाव ते कळवा. ग्रामसभेत मी येतो, बाहेरच्यानं सांगितलं तर कोण ऐकणार न्हाई.

मेंढका:
चराईबंदी घालू नका एवढं त्यात घाला दादा.